कात्रज–स्वारगेट: बसचे न दिसणारे भाडे

कात्रज ते स्वारगेट हे अंतर जेमतेम साडेपाच किलोमीटरांचे. तथापि पुण्याच्या शहर-वाहतुकीची गेल्या वीस वर्षांतील सारी उमेद आणि सारी परवड या एवढ्याशा टप्प्यात सामावलेली आहे. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर या मार्गावर केवळ बसगाड्यांसाठी राखीव मार्गिका सुरू झाली. ‘बीआरटी’ या नावाने ओळखला जाणारा हा देशातील अगदी आरंभीचा प्रयोग होता. अहमदाबादने त्यानंतर, २००९ साली, याच कल्पनेवर आपली सेवा उभी केली. पुण्यात मात्र हडपसरच्या बाजूची मार्गिका यथावकाश निकामी झाली आणि सातारा रस्त्यावरील मार्गिका पुनर्रचनेच्या कामात दीर्घकाळ रखडली.

आता याच रस्त्याखालून मेट्रो जावयाची आहे. स्वारगेट–कात्रज या ५.४६ किलोमीटरांच्या भुयारी मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. त्या वेळी खर्चाचा अंदाज २,९५४ कोटी रुपयांचा होता आणि २०२९ हे पूर्ततेचे वर्ष ठरविण्यात आले. साहजिकच एक युक्तिवाद पुढे येतो: मेट्रो येणारच आहे, तर बसची मार्गिका अडवून ठेवायची कशाला? हा युक्तिवाद वरवर व्यवहारी दिसतो. वास्तविक तो बससेवेचे अर्थकारणच न समजल्याचे द्योतक आहे.

प्रतीक्षा हेही मूल्यच

बसचा प्रवासी दोन प्रकारचे भाडे देतो. एक वाहकाच्या हाती रोख पडते. दुसरे थांब्यावर उभे राहून, वेळेच्या रूपाने. पहिले वाढले की आंदोलने होतात. दुसरे वाढले तर त्याची नोंदही कोठे होत नाही. कचेरीत वेळेवर पोचावयाचे म्हणून जो कारकून अर्धा तास आधी घर सोडतो, त्याने ते भाडे रोज मुकाट्याने भरलेले असते. परीक्षेच्या दिवशी धास्तीने रिक्षा करणारा विद्यार्थी तेच भाडे रोखीने भरतो.

राखीव मार्गिकेचे महत्त्व येथे आहे. उदाहरणादाखल साधे गणित पाहावे. एका गाडीची जाऊन-येऊन फेरी ६० मिनिटांत होत असेल, तर १२ गाड्यांत दर ५ मिनिटांनी एक गाडी देता येते. वाहनांच्या गर्दीत अडकून तीच फेरी ९० मिनिटांची झाली, तर तेवढ्याच गाड्यांत अंतर साडेसात मिनिटांवर जाते. पूर्वीची ५ मिनिटे टिकवायची तर १८ गाड्या लागतील. म्हणजे गाड्या दीडपट, चालक-वाहक दीडपट आणि प्रवासी मात्र तेवढेच. मार्गिका मोकळी ठेवणे म्हणजे एकही नवी गाडी न घेता सेवा वाढविणे होय.

शिवाय रखडलेली गाडी एकटी रखडत नाही. तिला उशीर झाला की पुढच्या थांब्यावर अधिक माणसे जमतात. त्यांना चढायला अधिक वेळ लागतो. तेवढ्यात मागची, तुलनेने रिकामी गाडी तिला गाठते. वीस मिनिटे काही नाही आणि मग एकापाठोपाठ तीन गाड्या, हा नित्याचा अनुभव नेहमीच चालकांच्या बेफिकिरीतून येत नाही. तो या यांत्रिक साखळीचा परिणाम असतो.

तोट्याचा हिशेब

हर्बर्ट मोहरिंग या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७२ साली एक महत्त्वाचा सिद्धान्त मांडला. प्रवासी वाढले की गाड्या वाढविता येतात, गाड्या वाढल्या की प्रत्येकाची प्रतीक्षा कमी होते. म्हणून बसमध्ये चढणारा नवा प्रवासी इतर सर्वांचा लाभच करीत असतो. हा लाभ तिकिटाच्या जमाखर्चात उमटत नाही, आणि म्हणूनच सार्वजनिक अनुदानाला अर्थशास्त्रीय आधार मिळतो. हेच चक्र उलटेही फिरते. गाड्या कमी, म्हणून प्रवासी दुचाकीकडे; प्रवासी कमी, म्हणून गाड्या आणखी कमी.

‘पीएमपीएमएल’चा तोटा पुणे व पिंपरी-चिंचवड या महापालिका ६० व ४० टक्के या प्रमाणात सोसतात. तो भरून काढण्यासाठी जून २०२५ पासून भाडेवाढ झाली. शहराच्या हद्दीतील दैनंदिन पास ४० रुपयांवरून ७० रुपयांवर गेला. खर्च वाढले, तेव्हा भाडे वाढणे अटळ असेल. परंतु रोख भाडे वाढविताना प्रतीक्षेचे भाडे घटविले नाही, तर ही वाढ उलट्या चक्राला गती देणारी ठरेल.

मार्गिका रिकामी दिसते, अशी मोटारचालकांची तक्रार असते. दर मिनिटाला ५० प्रवाशांची एक गाडी गेली, तर तासात ३,००० माणसे जातात. मधला बराचसा काळ रस्ता मोकळाच दिसणार. रस्त्याचा वापर वाहनांवरून मोजायचा की माणसांवरून, हा खरा प्रश्न आहे.

मेट्रोनंतरची बस

मेट्रोच्या मूळ मंजुरीत या टप्प्यावर मार्केट यार्ड, पद्मावती आणि कात्रज अशी तीन स्थानके होती. बसचे थांबे त्याहून कितीतरी जवळजवळ असतात. भारती विद्यापीठाचे विद्यार्थी, बाजारहाट करणारे, गुडघेदुखीने त्रस्त झालेले वृद्ध यांना दोन स्थानकांमधली बस लागणारच. शिवाय वस्ती कात्रजपाशी थांबलेली नाही. आंबेगाव बुद्रुक व आंबेगाव खुर्द ही गावे २०१७ मध्येच महापालिकेत आली. तेथील रहिवाशाला भुयारी गाडीपर्यंत पोचवील ती बसच.

म्हणून तीन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. मेट्रोच्या बांधकामासाठी रस्ता अडवावा लागला, तर मार्गिकेची जागा आधी ठरवून राखावी आणि काम संपताच ती परत मिळण्याची लेखी हमी असावी. मेट्रो व बस यांना एकच तिकीट चालावे. आणि प्रत्येक मार्गावर दोन गाड्यांमधील ठरलेले अंतर व प्रत्यक्षातील अंतर दरमहा जाहीर व्हावे. तिसरी सूचना सर्वांत स्वस्त आहे, आणि कदाचित सर्वांत अवघडही.

भुयारी मार्ग पूर्ण होईपर्यंतची वर्षे या रस्त्यावरच्या प्रवाशाला बसवरच काढावयाची आहेत. त्या काळात ज्याने कंटाळून दुचाकी घेतली, तो मेट्रो आल्यावर परत फिरेल याची शाश्वती नाही. उद्याच्या मेट्रोचे प्रवासी आजच्या बसथांब्यावर उभे आहेत. त्यांना तेथे किती वेळ ताटकळत ठेवायचे, याचा निर्णय आजच करावा लागेल.