नारा येथील महाबुद्ध आणि मूठभर माती

गेल्या हिवाळ्यात आम्ही क्योटोहून रेल्वेने नारा येथे गेलो. अंतर तासाभराचेच. हे शहर इ. स. ७१० मध्ये जपानची राजधानी झाले. जानेवारीची थंडी बोचरी होती. हातमोजे घालूनही बोटे बधिर होत होती. रस्त्यावर हरणे मात्र निर्धास्त फिरत होती.

तोदाइजी विहारातील ब्राँझची बुद्धमूर्ती सुमारे १५ मीटर उंच आहे. ७३५ ते ७३७ या काळात देवीच्या साथीत असंख्य माणसे दगावली. पुढे ७४३ मध्ये सम्राट शोमू यांनी ही मूर्ती घडविण्याचे फर्मान काढले. कोणी गवताची काडी वा मूठभर माती आणली तरी ती स्वीकारावी, असा त्याचा आशय होता. ७५२ मध्ये मूर्तीचे नेत्र रेखाटण्याचा मान भारतातून गेलेले भिक्खू बोधिसेन यांना मिळाला. त्यांच्या कुंचल्याला लांब दोर बांधून जमलेल्यांनी तो हाती धरला होता.

भूकंप व आगींमुळे मूर्ती भंगली, पण प्रत्येक वेळी पुन्हा उभी राहिली. सध्याचे लाकडी सभागृह १७०९ सालचे आहे.

बँकेत आम्ही रोज मोठ्या रकमा मोजतो. मूठभर मातीची किंमत मात्र नारात कळली. विहारासाठी दहा रुपयांची पावती घेताना कोणी संकोचला, तर आता आम्ही त्यास ही हकीकत सांगतो.