पिरोश्का : जुनी की लाल?

मूळ सापडलं की अर्थ सापडला, असं आपण इंजिनिअर मंडळी धरून चालतो. पण ‘पिरोश्का’ या हंगेरियन मुलीच्या नावात हा हिशेब गडबडतो.

नाव मूळचं रोमन. लॅटिनमध्ये ‘प्रिस्का’ म्हणजे पुरातन, जुनी. जुन्या हंगेरियन बोलीला शब्दाच्या सुरुवातीचं जोडाक्षर झेपत नसे. आपल्याकडे स्कूलचं इस्कूल होतं, तिकडे शाळेला चक्क ‘इश्कोला’ म्हणतात! तसंच आपल्या प्रसादचा परसाद व्हावा, तशी प्रिस्काची पिरिश्का झाली आणि पुढे पिरोश्का. खरी गंमत इथेच आहे. हंगेरियनमध्ये ‘पिरोश’ म्हणजे लाल आणि ‘का’ हा लाडाचा प्रत्यय. झालं, लोकांना नावात लालच ऐकू यायला लागलं. लाल टोपीवाली मुलगी आणि लांडगा ही गोष्ट आठवते ना? हंगेरीत त्या मुलीचं नाव पिरोश्काच.

मग खरा अर्थ कोणता? शब्दकोश ‘जुनी’ सांगेल. पण आईबापांनी लेकीला लाल म्हणून हाक मारली असेल, तर तो अर्थ खोटा कसा म्हणायचा? माझं मत आईबापांना.

राजा पहिला लास्लो याची मुलगीही पिरोश्काच. लग्न होऊन ती कॉन्स्टँटिनोपलला गेली, सम्राट दुसऱ्या जॉनची राणी झाली. सासरी नाव बदललं (ही रीत फक्त आपलीच नाही!) आणि ती ‘इरीनी’, म्हणजे शांती झाली. ११३४ साली ती वारली. इस्तंबूलच्या हागिया सोफियात मोझेकमध्ये ती आजही दिसते : लांब वेण्या, आणि केस तांबूस.