गिरावीनमध्ये बालशिक्षिका व्हायचंय?

सिडनीच्या पश्चिमेकडच्या गिरावीनमध्ये भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. इथल्या पाळणाघरात किंवा बालवाडीत काम करायचं, तर मुलांची आवड पुरेशी नाही, प्रशिक्षण लागतंच.

पहिली पायरी म्हणजे ‘सर्टिफिकेट थ्री’ हा बालसंगोपनाचा अभ्यासक्रम. त्यात किमान १६० तास प्रत्यक्ष केंद्रात काम करावं लागतं: लंगोट बदलणं, झोपवणं, खेळणाऱ्या मुलाचं निरीक्षण करून नोंद लिहिणं. पुढच्या डिप्लोमासाठी असे आणखी २८० तास. बालशिक्षकाच्या पदाला मात्र मान्यताप्राप्त पदवी हवी. पगारी कामाआधी न्यू साउथ वेल्स सरकारची ‘वर्किंग विथ चिल्ड्रन चेक’ ही मंजुरीही घ्यावी लागते. ती पाच वर्षं चालते.

एवढी कडक अट का? दोन वर्षांखालच्या दर चार बाळांमागे इथे एक शिक्षिका असते. त्या वयात बाळाची भाषा आणि माणसांवरचा विश्वास घडत असतो. ते काम जाणत्या हातांतच हवं.

महाराष्ट्रात डी.एड. किंवा माँटेसरी केलेल्यांनी आपली पात्रता आधी ‘अ‍ॅसेक्वा’ या राष्ट्रीय संस्थेकडून तपासून घ्यावी. नव्या अभ्यासक्रमाची फी भरण्यापूर्वीही तो या संस्थेच्या मान्य यादीत आहे ना, हे जरूर पाहावं.