‘सब ठीक है’ म्हणणारं मूल

आजचा भाग कुंभकोणमचा. हा मुलूख एके काळी तंजावरच्या भोसल्यांचा, पण आज बोलायचं आहे ते सारंगपाणी संनिधी रस्त्यावरच्या एका लहानशा घरात वाढलेल्या मुलाबद्दल, श्रीनिवास रामानुजनबद्दल. त्याचं गणित मला झेपत नाही आणि आजचा विषय तो नाहीच. विद्यार्थी म्हणून त्याच्या मनाचं काय होत होतं, तेवढं पाहू.

शाळेत एकदा अंकगणितात मित्राला त्याच्यापेक्षा जास्त गुण पडले. रामानुजनने त्याच्याशी बोलणंच टाकलं. मित्र म्हणाला, बाकीच्या विषयांत तूच पुढे असतोस की! तरी हा रडत घरी पळाला. मित्राचं म्हणणं खरं होतं, पण उपयोग शून्य. रडणाऱ्या मुलाला ‘त्यात काय एवढं’ म्हटलं, की त्याला ऐकू येतं, ‘तुझं दुःख खोटं आहे.’ त्यापेक्षा ‘वाईट वाटलं ना?’ एवढंच म्हणा आणि गप्प बसा. ही गप्प बसायची दोन मिनिटं आपल्याला फार जड जातात!

पुढे त्याने त्रिकोणमितीतली काही सूत्रं स्वतः शोधली. ती आधीच कुणी शोधून ठेवली आहेत हे कळल्यावर शरमेने कागद घराच्या छपरात लपवले. आजची मुलं उत्तरपत्रिका दप्तराच्या तळाशी लपवतात. सापडली तर ‘का लपवलीस?’ नको, ती झाली चौकशी. ‘दाखवायला कशाची भीती वाटली?’ असं विचारा. ‘राग आलाय’ म्हणणारं मूल पुष्कळदा लाजलेलं असतं. त्या भावनेला नेमका शब्द मिळाला की निम्मं ओझं उतरतं.

१९०४ साली कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली. गणितापायी बाकीचे विषय बुडाले आणि ती गेली. आई कोमलताम्मल थेट प्राचार्यांकडे जाऊन भांडल्या, पण काही झालं नाही. ऑगस्ट १९०५ मध्ये सतरा वर्षांचा हा मुलगा कुणाला न सांगता विशाखापट्टणमकडे निघून गेला. ‘द हिंदू’मध्ये हरवल्याची बातमी आली. आईचं भांडणं योग्यच होतं. पण शाळा-कॉलेजशी भांडायला आपण लगेच निघतो, मुलाशेजारी बसायला मात्र वेळ लावतो, असं मी बऱ्याच घरांत पाहतो.

आमच्या पलटणीत सुट्टीवरून आलेला जवान नुसतं ‘सब ठीक है, साब’ म्हणाला, की जुने सुभेदार ओळखायचे. त्याला ऑफिसात उभं करायचे नाहीत. संध्याकाळी व्हॉलीबॉलनंतर त्याच्याबरोबर चालायचे, शेतीचं, पावसाचं विचारायचे. चौथ्या-पाचव्या वाक्याला खरं बाहेर यायचं. मुलंही समोर बसवून बोलत नाहीत. स्कूटरवर मागे बसल्यावर, शेंगा सोलताना बोलतात.

आता एक गंभीर गोष्ट. हाच रामानुजन १९१८ साली लंडनमध्ये रेल्वेखाली जीव द्यायला निघाला होता, आणि त्याच वर्षी रॉयल सोसायटीचा फेलो झाला. तेव्हा ‘हुशार आहे, निभावेल’ यावर विसंबू नका. झोप-जेवण बिघडलं, मित्र तुटले, मरणाची भाषा आली, तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर मुलाला एकटं सोडू नका, डॉक्टरांना गाठा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.