दुकानाच्या स्थळप्रतीत लॉट नंबर बदललेला दिसला तर?



समजा, मृगाच्या पावसावर तुम्ही सोयाबीन पेरले. आठ दिवस झाले, दहा दिवस झाले, पण तासात कोंब काही दिसेना. उकरून पाहिले तर बी तसेच कुजलेले. कृषी खात्याकडे अर्ज केलात, तालुक्याची समिती येऊन पंचनामा करून गेली. दुबार पेरणीचा खर्च अंगावर पडला म्हणून तुम्ही जिल्हा ग्राहक आयोगात दुकानदार आणि बियाणे कंपनी या दोघांवर तक्रार दाखल केली. इथपर्यंत सारे सरळ आहे.

मग एके दिवशी समोरच्यांचा लेखी जबाब येतो आणि त्याला दुकानाच्या स्थळप्रतीची झेरॉक्स जोडलेली असते. पाहता तो काय, तुमच्या पावतीवर लॉट नंबर एक आणि त्यांच्या प्रतीवर दुसराच! कंपनी म्हणते, "तक्रारदार सांगतो तो लॉट आम्ही या दुकानाला कधी दिलाच नाही." तुमची पिशवी कंपनीपर्यंत नेऊन पोचवणारा धागा म्हणजे तो लॉट नंबर. तो तुटला की दुकानदार एकीकडे, कंपनी दुसरीकडे आणि तुम्ही मधे.

अशा वेळी माणसाचे डोके फिरते. "हा खोटा कागद आहे, यांना जेलात घाला!" असेच पहिल्यांदा तोंडून निघते. पण जरा थांबा. ग्राहक आयोगाचे काम प्रतिज्ञापत्रे आणि कागद पाहून, थोडक्यात चालते. फसवणुकीसारख्या गुन्ह्याचा सखोल वाद असेल तर तो तेथे ठरवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली सिटी युनियन बँकेच्या प्रकरणात सांगितले आहे. म्हणजे तुम्ही सगळी तक्रारच बनावट कागदाभोवती उभी केलीत, तर समोरचा वकील उठून म्हणणार, "हा वाद दिवाणी कोर्टात न्या." आणि तुमची दोन वर्षे पाण्यात जाणार. दुसऱ्या बाजूने, 2003 साली सी.सी.आय. चेंबर्स सोसायटीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने हेही सांगितले आहे की, प्रश्न गुंतागुंतीचा दिसतो एवढ्यावरून तक्रार परत पाठवू नये. थोडक्यातल्या चौकशीत तो सुटण्याजोगा आहे की नाही ते पाहावे.

तेव्हा तुमची मूळ तक्रार बियाणे सदोष होते हीच राहू द्या. कागदाबद्दल मात्र डोळ्यांना दिसते तेवढेच लिहा. "दुकानदाराने बनावट दस्तऐवज केला" असे लिहिण्याऐवजी "माझ्या मूळ पावतीत अमुक लॉट नंबर आहे, त्याच क्रमांकाच्या स्थळप्रतीत तमुक आहे, तेथील आकडे गडद असून बाकीच्या अक्षरांशी जुळत नाहीत, सबब मूळ बिलबुक हजर करावे" असे लिहा. पहिले वाक्य सिद्ध करण्याचे ओझे तुमच्या डोक्यावर येते. दुसऱ्या वाक्याने उत्तर देण्याची पाळी दुकानदारावर येते.

मूळ बिलबुक का, तर झेरॉक्समध्ये खाडाखोड लपते म्हणून. हाताने लिहिलेल्या पावतीखाली कार्बन असतो. वरची प्रत तुम्हाला मिळते, खालची दुकानात राहते. दोन्ही एकाच वेळी, एकाच पेनच्या दाबाने उमटलेल्या असतात. त्यामुळे कागद एकावर एक ठेवून उजेडाकडे धरले तर अक्षरावर अक्षर बसते. नंतर कोणी स्थळप्रतीत आकडा बदलला, तर तेवढाच आकडा कार्बनचा नसून शाईचा दिसतो, किंवा त्याची जागा सरकलेली असते. सुटे पान मागू नका, पुस्तकच मागा. मागच्या-पुढच्या पावत्यांचे क्रमांक आणि तारखा सलग आहेत का, पान फाडून नवे घातले आहे का, हे पुस्तकावरूनच कळते.

बिल संगणकावरचे असेल तर कार्बनचा प्रश्न नाही. तेथे साठा रजिस्टर कामाला येते. त्या लॉटच्या किती पिशव्या आल्या, किती विकल्या, किती उरल्या, हा हिशेब जुळवायचा. पावतीत आकडा बदलणाऱ्याला कंपनीच्या डिलिव्हरी चलनापासून शिल्लक साठ्यापर्यंत सगळेच बदलावे लागते, आणि तेथे बहुधा कुठेतरी पाय अडकतो. बियाणे नियम, 1968 प्रमाणे विकलेल्या प्रत्येक लॉटची नोंद विक्रेत्याने 3 वर्षे ठेवायची आहे, आणि 1983 च्या बियाणे नियंत्रण आदेशाप्रमाणे खरेदीदाराला पावती देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. "रजिस्टर सापडत नाही" हे उत्तर म्हणूनच त्याला सोपे नाही.

हे कागद मागायचे कसे? आयोगाकडे साधा अर्ज द्यायचा. कागद हजर करायला लावण्याचा आणि साक्षीदाराला बोलावण्याचा दिवाणी कोर्टासारखा अधिकार आयोगाला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेला आहे. अर्जात कोणते पुस्तक, कोणत्या तारखांचे, कशासाठी, हे नेमके लिहा. आदेश होऊनही कागद आला नाही, तर तो त्यांच्या विरोधात जाणारा असावा असे अनुमान काढण्याची विनंती तुम्ही करू शकता. दुकानदाराला प्रश्नावली देण्याची परवानगीही मागता येते. प्रश्न थोडे आणि टोकदार ठेवा. ही पावती कोणी लिहिली? स्थळप्रतीतला आकडा कोणी, केव्हा दुरुस्त केला? दुरुस्तीवर ग्राहकाची सही का नाही? चार प्रश्नांची प्रतिज्ञेवर दिलेली उत्तरे कधीकधी चाळीस पानांच्या युक्तिवादापेक्षा जास्त बोलतात.

हस्ताक्षर तज्ज्ञाची गोष्ट पुष्कळजण काढतात. वाद सहीचा असेल, "ही सही माझी नाही" असे म्हणायचे असेल, तर तज्ज्ञ उपयोगी. पण त्याला मूळ कागद लागतो आणि त्याच सुमाराच्या तुमच्या निर्विवाद सह्या लागतात. बँकेच्या, सोसायटीच्या कागदावरच्या चालतील. झेरॉक्सवरून खात्रीचे मत मिळणे कठीण. शिवाय फी तुम्हालाच भरावी लागण्याची शक्यता. लॉट नंबरच्या भांडणात आधी रजिस्टर पाहा, तज्ज्ञ मागाहून.

पंचनाम्याचीही हीच तऱ्हा. समिती शेतात येते, तुम्ही घाईने सही करता, कारणाचा रकाना मोकळा असतो. नंतर त्यात "पेरणी खोल झाली", "ओल अपुरी होती" असे उमटलेले दिसते. मोकळ्या रकान्याखाली सही करू नका. रिकाम्या जागेवर आडवी रेघ मारायला सांगा आणि तिथल्या तिथे मोबाइलवर फोटो घ्या. तेव्हा राहून गेले असेल, तर माहिती अधिकारात तालुका कृषी कार्यालयाकडे साक्षांकित प्रत मागा. अर्जाला 10 रुपये लागतात आणि माहिती 30 दिवसांत द्यायची असते. कृषी अधिकाऱ्याने त्या दुकानाची तपासणी केली असेल तर तिच्या अहवालाचीही प्रत मागा. दुकानदाराच्या हातात नसलेला कागद सगळ्यात मोलाचा.

आता थोडे कडू बोलतो. पावतीवर लॉट नंबर लिहायचा राहिला म्हणून काहीजण घरी पिशवी पाहून आपल्याच पेनने तो भरतात. नंबर खरा असतो, हेतू चांगला असतो, पण शाई वेगळी! मग खाडाखोडीचा आरोप उलट तुमच्यावरच येतो आणि खरी तक्रार मातीत जाते. राहिलेला नंबर राहू द्या. पिशवी आणि तिच्यावरची खूणचिठ्ठी जपून ठेवा, तीच नंबर सांगेल. पावती लॅमिनेट करू नका, फाटली तरी चिकटपट्टी लावू नका. मशीनच्या गुळगुळीत कागदावरची छपाई वर्षभरात उडते, तिची झेरॉक्स लगेच काढा. घरातल्या माउलीने हे सगळे पत्र्याच्या डब्यात, उंदीर आणि गळती यांपासून दूर ठेवले, तर वकिलाचे अर्धे काम तिथेच झाले. आणि मूळ पावती कोणाच्याही हातात पोहोच घेतल्याशिवाय देऊ नका, मग तो कंपनीचा कितीही गोड बोलणारा माणूस असो.

थोडे बियाणे राखून ठेवलेले असेल तर उत्तमच. नसेल तरी घाबरू नका. आंध्रातल्या शेतकऱ्यांच्या प्रकरणात 2012 साली राष्ट्रीय बीज निगमाने हाच मुद्दा काढला होता. शेतकरी सगळे बी पेरतो, तपासणीसाठी मागे ठेवावे अशी अपेक्षा त्याच्याकडून धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा सांगितले.

बनावटीबद्दल पोलिसांत जायचे असेल तर तो रस्ता वेगळा आणि खुला आहे. 1 जुलै 2024 पासून त्यासाठी भारतीय न्याय संहिता लागू आहे. पण तिकडच्या तपासाची वाट पाहत आयोगातली तारीख चुकवू नका.

मुदतींचे गणित असे. कारण घडल्यापासून 2 वर्षांत तक्रार दाखल करायची. ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते, आणि दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. समोरच्याला जबाबासाठी 30 दिवस, फार तर आणखी 15. जबाब आला की त्याच दिवशी पाने मोजा, प्रत्येक कागद आपल्या मूळ कागदाशेजारी ठेवून पाहा आणि फरक दिसला तर पुढच्याच तारखेला लेखी हरकत द्या. युक्तिवादाच्या दिवशी काढलेली हरकत ऐनवेळची वाटते. हरकतीच्या प्रतीवर आयोगाच्या कार्यालयाचा शिक्का घ्या. निकाल विरुद्ध गेला तर 45 दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते, आणि "मूळ बिलबुक मी मागितले होते, ते आलेच नाही" हे तेथे त्या शिक्क्यावरूनच दाखवता येते.