पायी वारी

वारी ही पायांनी केलेली प्रार्थना होय. आळंदीहून पंढरपूरची सुमारे २५० कि.मी.ची वाट मोटारीने काही तासांत सरते. ज्ञानेश्वरमाउलींच्या पालखीला मात्र अडीच-तीन आठवडे लागतात. दिंडीत टाळ-मृदंगाच्या लयीत सारे एकत्र चालतात. त्यामुळे धडधाकट तरुणालाही वृद्ध वारकऱ्याच्या पावलाशी आपले पाऊल जुळवावे लागते. वारीतील खरी कठीण साधना हीच म्हणावी लागेल.

बेंगळूरमधील नोकरदार मराठी माणसाला एवढी रजा कुठली! त्याने पहाटे मल्लेश्वरम् भागातील काडु मल्लेश्वराच्या देवळापर्यंत पायी जावे. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६६९ मध्ये या देवाला एक गाव इनाम दिले होते. वाटेत मुखी नाम असावे. सोबतची आजी मागे राहिली, तर थांबावे.