नाते संपले तरी बोलणे संपत नाही

लखनौची अदब प्रसिद्ध आहे. तिथल्या अनेक घरांत लहान मुलांनाही ‘आप’ म्हणतात. पण संसार मोडायची वेळ आली, की तिथेही अदब आधी सुटते. घटस्फोट मंजूर होतो, पतिपत्नी वेगळी होतात; पण मूल असेल तर दोघांना पुढची कित्येक वर्षे एकमेकांशी बोलावेच लागते.

हिंदू विवाह कायदा, १९५५च्या कलम २६ नुसार मुलाचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण याबाबत न्यायालय आदेश देते. यशिता साहू प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की मुलाला आईवडील दोघांच्याही प्रेमाचा हक्क आहे. ताबा एकाकडे असला तरी दुसऱ्याला भेटीची पुरेशी संधी मिळायला हवी. भेटीचा वार आणि वेळ न्यायालय ठरवून देते. दारात उभे राहून काय बोलायचे, ते मात्र आपणच ठरवायचे असते.

समजा, आठ वर्षांची मुलगी आईबरोबर अलीगंजमध्ये राहते. रविवारी वडील तिला जनेश्वर मिश्र पार्कमध्ये नेतात. सहाला परतायचे ठरलेले असते, यायला साडेसात होतात. आई दारातच म्हणते, “तुम्ही कधी वेळ पाळलीत? लग्नानंतरही हेच!” वडीलही जुने उकरून काढतात. दिवसभराची मजा सांगायला आलेली मुलगी गप्प होते. पुढच्या रविवारी ती “पोटात दुखतंय” म्हणते.

हीच तक्रार अशीही करता येते : “सहाला येणार होतात. उद्या तिची शाळा आहे. उशीर होणार असेल तर फोन करत जा.” यात रागाला जागा आहे, भूतकाळाला नाही.

बोलण्याची नवी रीत

आपल्याकडे बायको ‘अहो’ म्हणते आणि नवरा ‘अगं’. घटस्फोटानंतर दोघांनीही एकमेकांना अहोजाहो करून पाहावे. सुरुवातीला परके वाटेल, पण थोडे परकेपणच इथे उपयोगी पडते. शेजाऱ्याशी किंवा कार्यालयातल्या सहकाऱ्याशी आपण जसे कामापुरते आणि नीट बोलतो, तसे.

मुलाला निरोप्या करू नका. “बाबांना सांग, फी भरायची आहे” हे वाक्य मुलाच्या तोंडी देऊ नये. फी, औषधे, शाळेच्या सूचना थेट एकमेकांना लिहून कळवा. रागाने लिहिलेला निरोप रात्री पाठवू नका, सकाळी पुन्हा वाचा.

भेटीहून आलेल्या मुलाची उलटतपासणी घेऊ नका. “तिकडे कोण आले होते?” यापेक्षा “जेवलास का?” हे पुरे.

दिवाळी, होळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मूल कोणाकडे राहील, ते महिनाभर आधी लिहून ठरवा. आयत्या वेळी ठरवायला गेले की भांडण होतेच.

शांत म्हणजे सोशीक नव्हे

समोरची व्यक्ती भेटीचा आदेश पाळत नसेल, तर दारात आरडाओरडा न करता तारखांची नोंद ठेवा आणि वकिलामार्फत न्यायालयात जा. परिस्थिती बदलली तर कलम २६ खालचा आदेशही बदलून मागता येतो. मारहाण किंवा धमकीचा अनुभव असेल, तर समोरासमोर बोलण्याचा आग्रह धरू नका. विश्वासू नातेवाइकामार्फत किंवा न्यायालयाने ठरवून दिलेल्या जागी मुलाची नेआण करा. अशा स्त्रीला कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा आहे.

एकमेकांना माफ करायला वेळ लागेल, कदाचित ते कधीच जमणार नाही. पण शाळेच्या स्नेहसंमेलनात मूल रंगमंचावरून आधी आई कुठे बसली आहे आणि मग बाबा कुठे, हे शोधते. दोघेही तिथे असावेत आणि दोघांकडे बघून त्याला न घाबरता हसता यावे, एवढे तर दोघांच्या हातात आहे.